कडूबाईचा चोरखिसा

बायकांच्या कपड्यांना खिसे का नसतात, हा विषय माझ्यासमोर कुणी काढू नये. मी मिरजगावात ब्लाउज, परकर, पंजाबी ड्रेस शिवते आणि माझं स्पष्ट मत आहे, की बाईचा कपडा पहिल्यांदा ज्यानं बेतला तो आयतं बसून खाणारा असणार. पुरुषाच्या शर्टाला खिसा, पॅन्टला चार, बंडीला आतून एक आणि बाहेरून दोन, आणि एवढ्या खिशांत ठेवायचं काय, तर तंबाखूची पुडी! बाईकडं घराची किल्ली, मोबाईल, सुटे पैसे, डोकेदुखीची गोळी असं सगळं असतं, आणि तिला जागा म्हणजे ब्लाउज नाहीतर कमरेची कनवट. म्हणून कडूबाई माझ्याकडं खिसा शिवून मागायला आली तेव्हा मला आनंदच झाला. पण तिला तो हवा होता चाकूसाठी, आणि तिथून पुढं माझ्या नाकी नऊ आले.

कडूबाई म्हणजे गावाबाहेर कालव्याच्या चारीच्या अंगाला राहणारी, शेळ्या राखणारी बाई. आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून आईबापांनी हिचं नाव कडू ठेवलं, म्हणजे देवानं तोंड वाकडं करून हिला तरी सोडावं. नावाचा गुण थोडा जिभेला लागला, पण तेवढंच. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा आदिनाथ नगरला एमआयडीसीत कामाला आहे. तो आणि त्याची बायको निकिता भाड्याच्या दोन खोल्यांत राहतात. "आमच्याकडं चल," असं तो दर सुट्टीला म्हणतो आणि ही दर सुट्टीला शेळ्यांकडं बोट दाखवते.

गेल्या उन्हाळ्यात त्यातली एक शेळी गेली. कुणीतरी बांधावर टाकून दिलेल्या प्लॅस्टिकच्या जाळीत तिची मान अडकली. कडूबाई तिथंच होती, दातांनी जाळी तोडायला बघत होती, आणि चाकू घरी खुंटीवर लटकत होता. त्यानंतर बाई जेवेनाशी झाली. आदिनाथ धावत आला, आईची दशा बघून घाबरला आणि रागानं बोलून गेला, "आई, आता अशी एक जरी शेळी गेली ना, तर बाकीच्या समद्या व्यापाऱ्याला, आन् तू माझ्यासंगं नगरला."

आदिनाथ वाईट मुलगा नव्हे हो. आईनं रात्री फोन उचलला नाही तर त्याच्या डोळ्याला डोळा लागत नाही. पण कडूबाईनं नगरच्या खोलीचा धसकाच घेतला. "तितं मी हाका मारू कुनाला?" असं ती मला म्हणाली, तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

तर चाकू अंगावर ठेवायचा हे पक्कं झालं, पण कुठं ते काही ठरेना. चाकू साधाच, बाजारातून घेतलेला, घडीचा, लाकडी मुठीचा, मिटला की तळहातात मावणारा. आधी तिनं तो कनवटीला खोचला. चारीत उतरताना तो घसरला आणि सबंध दुपार शोधण्यात गेली. मग पानतंबाखूच्या चंचीत ठेवला. त्या चाकूनं चिरलेल्या लिंबाचं सरबत मी प्यायले आहे, ती चव दुश्मनालाही मिळू नये. पुढं शर्ट झाला. आमच्याकडं शेतात जाणाऱ्या बाया साडीवरून नवऱ्याचा नाहीतर मुलाचा जुना शर्ट घालतात, तसा हिच्याही अंगात आदिनाथचा निळा शर्ट असतो. त्याचा खिसा छातीवर. बाई वाकली की चाकू भुईवर.

"मावशी, विळाच नेत जा की," मी म्हटलं.

"विळा घिऊन शेळ्यामागं पळू? पडले तर पैलं माजंच नाक जाईल."

त्यात टपरीवरच्या पोरांनी तिला चाकूनं काकडी सोलताना पाहिलं आणि कडूबाईची 'कडूभाई' करून टाकली. मला हसू आलं, पण तिला ते लागलं. आदिनाथच्या कानावर गेलं तर तो म्हणेल, आई गावात चाकू घेऊन फिरते, ही भीती वेगळीच. म्हणून ती माझ्याकडं आली, चाकू मशीनवर ठेवला, हातात दिला नाही, कारण हातातून हातात चाकू दिला की भांडण होतं म्हणतात. आमचं तसंही व्हायचं ते होतंच.

"परकराला चोरखिसा शिव," ती म्हणाली. "चाकू पडाय नगं, उघडाय नगं, आन् कुनाला दिसायबी नगं."

आता चोरखिसा म्हणजे माझा हातखंडा. यात्रेला, लग्नाला जाणाऱ्या कितीतरी बायकांच्या परकरांना मी शिवून दिलेत. पण हा मी जीव ओतून शिवला. जुन्या जीनचं कापड घेतलं, म्हणजे टोक बाहेर येणार नाही. खिसा अरुंद ठेवला, म्हणजे चाकू आत उभा राहील आणि पातं आपोआप उघडणार नाही. तोंडाला टिचबटन लावलं. वर आणखी एक नाडी, तिचं एक टोक चाकूच्या कडीला आणि एक खिशाच्या आत शिवलेलं, म्हणजे हातातून सुटला तरी हरवायला नको. कडूबाईनं माझ्या आरशासमोर उभं राहून साडीत हात घालून तो चार वेळा काढला आणि चार वेळा ठेवला. आम्ही दोघी अशा खूश झालो, की मी चहा ठेवला.

पुढं जे झालं ते मला कडूबाईनंही सांगितलं आणि मागाहून तिच्या शेजारच्या रानातल्या पुंजारामभाऊंनीही. दोघांचं सांगणं सारखं नाही. मी दोन्ही कापडं जोडून सांगते.

श्रावणातली सकाळ होती. चारीच्या वरच्या काठाला बाभळीची झुडपं आहेत. हिची पांढरी शेळी, जिला ती 'नवरी' म्हणते, कोवळ्या पाल्याच्या नादानं पार कडेला गेली. गळ्यातलं नायलॉनचं दावं बाभळीच्या खोडात गुंतलं आणि पाय घसरून शेळी खाली लोंबकळली. कडूबाई चारीच्या उतारावर चढली आणि तिनं शेळीला खालून दोन्ही हातांनी उचलून धरलं. त्यानं फास थोडा सैल झाला, पण सुटेना. हात काढला की शेळी पुन्हा लटकणार. पाय टेकायला जागा एकाच माणसापुरती. चाकू तिच्या कमरेला होता आणि दोन्ही हात शेळीखाली. असा तो पेच होता.

तिनं हाका मारल्या. शेजारच्या रानात पाणी देत असलेले पुंजारामभाऊ फावडं टाकून पळत आले.

पुंजारामभाऊ म्हणजे गावातले सगळ्यांत लाजरे गृहस्थ. साठी उलटली तरी सख्ख्या भावजयीशी भिंतीकडं बघून बोलतात. माझ्या दुकानावरून जाताना, आत बायका मापं देत असतील म्हणून, रस्त्याच्या पलीकडच्या बाजूनं जातात. त्यांनी वरून दावं ओढून पाहिलं, गाठ आणखीच आवळली. काटे हातात घुसले. मग ते मुळीला धरून कडूबाईच्या बाजूला जरा खाली उतरले. शेळीपर्यंत त्यांचा हात पोचत नव्हता, कडूबाईपर्यंत पोचत होता.

"वैनी, कापायला काय हाय का?"

"चाकू हाय."

"कुटंय?"

"परकराच्या खिशात."

पुंजारामभाऊंनी मान फिरवून रानाकडं पाहिलं. शेळीची जीभ बाहेर आली होती.

"मंग," ते म्हणाले, "मी असं करतो, गावातनं कुन्या बाईमानसाला घिऊन येतो."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच! भाऊ खरंच वळले होते. कडूबाई अशी ओरडली, की पलीकडच्या वस्तीवरची कुत्री भुंकायला लागली.

"तवर शेळी मरंल की वो भावजी! मला बहीन म्हना, आय म्हना, काय बी म्हना, पन हात घाला!"

भाऊंनी डोळे गच्च मिटले, विठ्ठलाचं नाव घेतलं आणि हात घातला. नाव घेतलं हे ते स्वतः सांगतात. हात साडीत अडकला, मग परकराच्या नाडीत अडकला. खिसा सापडला तर टिचबटन निघेना.

"डोळं उघडा!"

"न्हाई उघडत!"

बटन कसंबसं निघालं. चाकू वर आला आणि वीतभर येऊन थांबला, कारण माझी ती नाडी. हरवू नये म्हणून लावलेली, आखूड, दुहेरी शिवलेली. कडूबाई ओरडतेय "तोडा, तोडा", भाऊ ओढतायत, आणि माझं शिवण काही उसवत नाही. आयुष्यभर मी गिऱ्हाइकांना सांगत आले, की शकिलाची शिलाई उसवली तर पैसे परत. शेवटी भाऊंनी असा हिसका दिला, की खिसाच फाटून हातात आला. चाकू, नाडी, जीनचा तुकडा सगळं एकदम. त्यांनी दातांनी पातं उघडलं, हात लांब करून दावं कापलं, आणि शेळी, कडूबाई आणि पुंजारामभाऊ तिघंही गडगडत चारीतल्या चिखलात गेले.

शेळी पडून राहिली. कडूबाईनं तिच्या गळ्यातली गाठ सोडली, तोंडावर पाणी मारलं, छाती चोळली. "उट गं माजे बाय," एवढंच ती म्हणत होती. मग शेळी शिंकली. पुन्हा शिंकली, लटपटत उभी राहिली आणि भाऊंच्या खांद्यावरचा टॉवेल चघळायला लागली. कडूबाई चिखलात बसून मोठमोठ्यानं रडली. भाऊ चारीच्या दुसऱ्या टोकाकडं तोंड करून उभे राहिले, पण टॉवेल काही त्यांनी सोडवून घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडलं तर पुंजारामभाऊ दारात. माझ्याकडं पाठ, तोंड रस्त्याकडं. मला वाटलं चुकून आले.

"शकिलाबाई," ते रस्त्याला म्हणाले, "त्यो खिसा... भाईर घ्या." आणि निघून गेले.

मला काहीच कळेना. थोड्या वेळानं कडूबाई आली, फाटका खिसा मशीनवर टाकला आणि सगळं सांगितलं. मी हसून हसून डोळे पुसले, मग तो फाटका खिसा हातात घेऊन उलटसुलट बघत बसले. इतके दिवस आम्ही कुठला हात, कुठली बाजू, किती खोल याचाच विचार केला होता. तिचे दोन्ही हात गुंतलेले असतील तर काय, हे आम्हा दोघींच्याही डोक्यात आलं नव्हतं.

"समद्यांला दिसंल असा शिव," ती म्हणाली. "कुनाचाबी हात जाईल असा."

मी निळ्या शर्टाला डाव्या बाजूनं, पोटाशी, खोल आणि तिरका खिसा शिवला. तोंडावर नुसती झडप, बटन नाही. नाडी हातभर लांब, लाल, एक टोक चाकूला, दुसरं बाहेर लोंबतं ठेवलं. कडूबाई तो शर्ट घालून वस्तीवर फिरली. शेजारच्या रेश्माला दाखवला, पाणी सोडायला येणाऱ्या गड्याला दाखवला. टपरीवर तर थांबून म्हणाली, "कडूभाई म्हना न्हाईतर काय बी म्हना, चाकू हितं असतो, ध्येनात ठिवा."

पण चारीत पडल्याची बातमी त्याआधीच नगरला पोचली होती. सुट्टीच्या दिवशी आदिनाथ आला तो घरी न जाता, आई माझ्याकडं आहे असं कळून, थेट दुकानात. चेहरा उतरलेला. व्यापाऱ्याला त्यानं येतानाच सांगून ठेवलं होतं, तो दुपारी टेम्पो घेऊन येणार होता. कडूबाईच्या तोंडचं पाणी पळालं.

"शेळी जित्ती हाय की रं," ती म्हणाली.

"शेळीचं सोड आई. तू पडलीस. पुंजारामकाका नसते तर?"

"पन हुते की."

"दर टायमाला असनारेत का?"

"त्ये नसले तर रेश्मा हाय. टपरीवरली पोरं हायेत. हितं समद्यांला ठावं हाय माजा चाकू कुटं असतो." ती थांबली. "तुज्या नगरात कुनाला ठावं असनार, सांग बरं?"

मी कात्री खाली ठेवली. आदिनाथनं आईच्या शर्टाबाहेर लोंबणाऱ्या लाल नाडीकडं पाहिलं, झडप उचलून हात घातला आणि चाकू पटकन बाहेर आला. आपल्याच जुन्या शर्टाचा तो खिसा धरून तो उभा राहिला. मग चाकू परत ठेवला, झडप नीट बसवली आणि मोबाईल काढून पायरीवर गेला.

"भाई, टेम्पो आणू नका," तो म्हणाला. "न्हाई, दराचं काय न्हाई. द्यायच्याच न्हाईत."

माझा जीव भांड्यात पडला. कडूबाईनं पदरानं तोंड पुसलं, दोनदा नाक ओढलं, आणि माझ्याकडं वळून अगदी नेहमीच्या कडू आवाजात म्हणाली, "ह्यो एकच शर्ट शिवलास व्हय? धुयाला टाकल्यावर मी काय करू?"