अक्का आणि डिव्हायडरमधली वाट

अक्का ज्या वाटेसाठी भांडल्या, त्याच वाटेवर गेल्या.

आज वर्ष झालं.

अक्का म्हणजे माझ्या सासूबाई. अख्खं गाव त्यांना अक्काच म्हणायचं. गाव आता नावालाच उरलंय म्हणा. महापालिकेत गेलं, चारी बाजूंनी सोसायट्या उठल्या. पण भैरवनाथ अजून गावाचाच आहे.

नाथाचं देऊळ रस्त्याच्या अलीकडे. त्याच्या बहिणीचं ठाणं पलीकडे.

यात्रेच्या दिवशी नाथाची पालखी बहिणीला भेटायला जाते. सरळ जाते. वळसा घालत नाही, मधूनच मागे फिरत नाही. आमच्याकडची रीतच आहे ती.

मग रस्ता मोठा झाला आणि मधोमध डिव्हायडर आला.

अक्का बायकांना घेऊन रस्त्यात जाऊन बसल्या. एक तरुण इंजिनियर समजवायला आला, "आजी, पुढच्या चौकातून वळून या ना पालखी घेऊन."

"देव काय यू-टर्न मारून जाणार व्हय रं?"

तो व्हिडिओ तुमच्यापैकी कितीतरी जणांनी शेअर केला होता. मी चाकणला कंपनीत क्वालिटीला आहे. मी तर अख्ख्या लाइनवर मोबाईल नाचवत फिरले होते, बघा, माझी सासू!

गॅप मिळाला. पालखी जाईल एवढा.

पालखी वर्षातून एकदा जायची. बाकी रोज बाईकवाले, रिक्षा, झालंच तर पाण्याचे टँकर, सगळे तिथूनच घुसायचे. शिफ्ट सुटली की तर विचारूच नका. राँग साइडवाल्यांना तो गॅप आपल्यासाठीच ठेवलाय असं वाटायचं.

अक्का दर मंगळवारी त्याच गॅपमधून देवीला जायच्या.

मी म्हणायचे, "अक्का, चौकात सिग्नल आहे, तिथून जा ना."

"मी भांडून घेतलीय वाट. मीच न्हाई गेले तर कोन जाईल?"



त्या मंगळवारी त्यांनी उजवीकडे बघितलं. गाडी डावीकडून आली.

याच्या पुढचं मला लिहिता येत नाही.

आता तो रस्ता पुन्हा नव्याने करतायत. रुंद फुटपाथ, सायकलींना वेगळी जागा. गॅपच्या ठिकाणी रस्ताच उचलून फुटपाथच्या लेव्हलला आणणार, म्हणजे गाड्यांना स्पीड कमी करावाच लागेल. आणि डिव्हायडरच्या तोंडाशी खांब. माणूस जाईल, बाईक नाही जाणार.

डिझाइन करणाऱ्या मॅडम घरी येऊन गेल्या. चांगली पोरगी आहे. म्हणाली, "मधले खांब काढता येतील असे करू. त्यांना कुलूप असेल. यात्रेला उघडा, पालखी सरळच जाईल."

मला वाटलं, चला, मिटलं.

कसलं मिटतंय!

आठवडाभरात चौकात फ्लेक्स लागला. अक्कांचा हात जोडलेला फोटो, आणि खाली हे मोठ्या अक्षरांत: "स्वर्गीय अक्कांनी मिळवलेली देवाची वाट बंद होऊ देणार नाही!"

मी कंपनीच्या बसमधून बघितला. चिडू, रडू की हसू, काही कळेना. कारण वाक्य खोटं नव्हतं हो.

संध्याकाळी आण्णा आले. अक्कांचे चुलत दीर, फ्लेक्स त्यांनीच लावलेला. म्हणाले, "देवाच्या वाटेला कुलूप? अक्का असती तर आडवी झोपली असती रस्त्यात."

खरंय. झोपल्याच असत्या.

पण अक्का नाहीत, आणि त्या वाटेमुळेच नाहीत. मग त्यांचं म्हणणं कुठलं धरायचं? जिवंतपणी बोलल्या ते? की त्या मंगळवारनंतर बोलल्या असत्या ते? ते मी कुठून आणू?

संदीपला, म्हणजे माझ्या नवऱ्याला विचारलं. तो वर्षभर त्या गॅपकडे बघतसुद्धा नाही. "मला न्हाई माहीत," म्हणाला आणि आंघोळीला गेला.

परवा देवळात बैठक झाली. आम्हाला मानानं पुढे बसवलं. आण्णा अक्कांवर खूप बोलले. टाळ्या पडल्या.

मग संदीप उठला. हा माणूस चारचौघांत कधी तोंड उघडत नाही.

"आण्णा, आईनं वाट मिळवली, व्हय. आन आई तिथंच गेली. लिवायचं तर दोन्ही लिवा फ्लेक्सवर. न्हाईतर फोटो उतरवा तिचा."



आण्णा मटकन खाली बसले. टोपीनेच डोळे पुसायला लागले. त्यांची आई लवकर गेली, त्यांना अक्कांनीच वाढवलेलं. त्यांच्या दुःखाचा मी वर्षभरात विचारच केला नव्हता.

मग ते माझ्याकडे वळले.

"लावा कुलूप, सूनबाई. पन किल्ली पालिकेच्या हापिसात न्हाई द्यायची. अक्काच्या घरात राहील. यात्रेला तिच्या घरच्या बाईनं वाट उघडायची."

सगळं देऊळ माझ्याकडे बघत होतं.

मी हो म्हणाले.

का म्हणाले, देव जाणे. मी अक्कांची बाजू घेतली की त्यांच्या विरोधात गेले? आज त्यांच्या फोटोला हार घातला, पुरणाचा नैवेद्य दाखवला, तरी माझं डोकं चालत नाहीये.

लोक म्हणतायत, छान तोडगा निघाला. निघाला असेल. मला तोडगा नको होता. मला अक्का हव्या होत्या, रस्त्यात बसलेल्या, कोणाचंही न ऐकणाऱ्या.

अक्का, वर्षातून एक दिवस देवाची वाट उघडायची ती मी, आणि बाकीचे दिवस बंद ठेवायची तीही मीच. मी तुम्हाला आधी विचारून तरी ठेवायला हवं होतं ना.

चुकलं असेल तर स्वप्नात येऊन चार शिव्या घाला.

तेवढ्यासाठी तरी या.

तुमची सून