सगुणेच्या पुस्तकाचा शेवट

बकुळाच्या घरात पुस्तक एकच, आणि ते वर्षातून एकदाच वाचायचं. होड्या वर ओढून शाकारल्या की आषाढात तिचा नवरा गंगाराम ओटीवर बसून ते उघडायचा आणि नारळी पुनवेच्या आदल्या संध्याकाळी मिटायचा. समोर बकुळा फाटकी जाळी सांधत बसायची. वाचता तिलाही येत होतं, तिसरीपर्यंत शाळा झाली होती. पण हात जाळ्यात अडकलेले, म्हणून डोळे त्याचे आणि कान तिचे. हर्णैच्या बंदरावर मासळीच्या लिलावाचे फोटो काढायला येणाऱ्यांना वाटतं, कोळणीला भावापलीकडे काही कळत नाही. न कळो त्यांना. त्यांच्या घरी पुस्तकं काचेआड मरतात. हिच्या घरातलं एकुलतं एक वर्षानुवर्षं जिवंत होतं.

कव्हरवर नाव काही का असेना, घरात ते सगुणेचं पुस्तक. सगुणा म्हणजे कादंबरीतल्या खलाशाची बायको. नवरा समुद्रावर गेलाय, ती वाट बघतेय, एवढीच गोष्ट. बकुळाला सगळी पाठ. सगुणा सासूला फाडकन उत्तर देते ते पान आलं की ही आधीच हसायला लागायची.

"अगो, अजून बोललीच नाय ती!" गंगाराम थांबून म्हणायचा.

"बोलेल हो. दरवर्षी बोलते. माझ्यासारखी थोडीच, गिळून बसणारी?"

"तू गिळतेस? मग बंदरावर ओरडते ती कोण?"

शेवटची पानं मात्र पुस्तकात नव्हती. ती बकुळानंच घालवली. लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात दारात गिऱ्हाईक आलं, रद्दी संपलेली, आणि फळीवरच्या जुन्या पुस्तकाची मागची पानं सुटून लोंबत होती. तिने ती ओढली आणि सुकट बांधून दिली. संध्याकाळी गंगारामने पुस्तक हातात घेतलं तेव्हा तिला रडू फुटलं. तो एवढंच म्हणाला, "रडतेस काय? कालच वाचून संपवलंय मी. शेवट माझ्या डोक्यात हाय."

तेव्हापासून शेवट तोंडी. फाटल्या जागेपाशी आला की गंगाराम पुस्तक मांडीवर उपडं ठेवायचा आणि समुद्राकडे बघत सांगायचा. पहाटे सगुणेच्या दारावर थाप पडते. दारात नवरा, ओलाचिंब. ती आधी शिव्या घालते, मग जेवायला वाढते. ताटात दरवर्षी वेगळंच काहीतरी यायचं.

"गेल्या वर्षी पेज होती," बकुळा टोकायची.

"गेल्या वर्षी वाचायला चुकलो."

"वाचायला? पुस्तक उपडं हाय!"

आणि ती हसत आत जायची. चुलीवर काही ना काही असायचंच. शेवट धड ऐकला नाही तर बिघडतं कुठे? पुढच्या वर्षी पुन्हा येणारच की.

गेल्या आश्विनात वादळात होडी उलटली. होडी सापडली. गंगाराम नाही.

यंदा आषाढात बकुळाने स्वतःच पुस्तक काढलं. बोट ठेवून, अक्षर लावत वाचलं. सासूचं पान आलं, हसू आलं नाही. फाटल्या जागेपाशी ती थांबली ती थांबलीच. पुस्तक मांडीवर उपडं ठेवून बसून राहायची, रोज.

सून योगिनी म्हणाली, "आई, नवं पुस्तक मिळतं का बघते मी."

"बघ गो. त्याच्या तोंडचे शब्द तेवढेच तरी मिळतील. मी मेलीनं नीट ऐकलेच नायत."

रत्नागिरीला पुस्तकांच्या दुकानात मालकाने योगिनीला विचारलं, "परीक्षेला लागलंय का?"

"सासूला हवंय."

"सासूबाई मास्तरीण?"

"मासळी विकते."

तो हसला. योगिनी म्हणाली, "तुमी मासळी खाता तेव्हा आमी हसतो का?" आणि पुस्तक घेऊन निघाली.

नारळी पुनवेची आदली संध्याकाळ. दुसऱ्या दिवशी सर्वेश, बकुळाचा मुलगा, पहिल्यांदाच बापाशिवाय, दुरुस्त झालेली होडी काढणार होता. तो खाली किनाऱ्यावर जाळी चढवत होता. ओटीवर योगिनी नव्या पुस्तकातली शेवटची पानं वाचू लागली आणि बकुळा यंदा जागची हलली नाही. चूल विझवूनच बसली होती.

वाचता वाचता योगिनी अडखळली.

"काय झालं? थाप पडली?"

"आई... थाप नाय पडत."

"पुढलं पान बघ."

"पुढे पान नाय. तो येतच नाय, आई. सगुणा दिवा विझवते आणि संपतं."

बकुळाला त्या पहिल्या पावसाळ्यातला गंगाराम आठवला. कालच संपवलंय, म्हणाला होता. म्हणजे त्याला ठाऊक होतं. आणि दरवर्षी, होडी काढायच्या आदल्या संध्याकाळी, तिच्या समोर बसून तो बुडालेल्या माणसाला घरी आणत होता.

"खोटारडा मेला!" ती ओरडली. "इतकी वर्षं खोटं वाचलंन!" आणि पदराचा बोळा तोंडात कोंबून ती हमसाहमशी रडली.

डोळे पुसले तेव्हा तिला सुनेचा चेहरा दिसला. योगिनी पुस्तकाकडे बघत नव्हती. किनाऱ्यावर वाकलेल्या सर्वेशकडे बघत होती.

बकुळाने तिच्या हातातलं नवं पुस्तक काढून घेतलं. जुनं मांडीवर उपडं ठेवलं.

"ते सोड. चुकीचं छापलंय. मी सांगते, ऐक. पहाटे दारावर थाप पडते. दारात तो, ओलाचिंब. ती आधी शिव्या घालते. मग वाढते."

"काय वाढते?"

गेल्या वर्षी काय होतं? बकुळा आठवू लागली. गेल्या वर्षी ती आत होती, तव्यावरचे सुके बांगडे उलटत. ओटीवरून त्याचा आवाज येत होता, शब्द नाहीत.

"पेज," ती शेवटी म्हणाली आणि थांबली, कुणी टोकेल म्हणून.

योगिनी ऐकत होती. तिला कुठून ठाऊक असणार?