मंदाने पीडीएफ फोडली तो दिवस

मंदा वारली.

आता ज्यांना "दोन मिनिटांचं काम" घेऊन आमच्या दुकानात यायचंय, त्यांनी बिनधास्त या. ओरडणारी उरली नाही.

डिचोलीच्या बाजारात आम्ही दोघींनी मिळून डीटीपीचं दुकान टाकलं. लग्नपत्रिका, बॅनर, जत्रेची हँडबिलं. मी गप्प बसून काम करायचे, ती भांडून करायची. आणि गिऱ्हाइकं तिच्याच टेबलाकडे जायची!

आज रडगाणं गाणार नाही. तिला आवडलं नसतं. एकच दिवस सांगते, आमचा सगळ्यात मोठा.

मंदाचं माहेर पेडण्यातलं. तिचे बाबा, आत्माराम परब, तुयेच्या फॅक्टरीत कामाला. गावच्या जत्रेत गावकऱ्यांचं नाटक व्हायचं आणि बाबा त्याचे कायमचे प्रॉम्प्टर. पडद्याआड उभं राहून सगळ्यांची वाक्यं सांगायची.

हँडबिलावर चहा देणाऱ्याचंसुद्धा नाव असायचं. बाबांचं कधीच नाही.

मंदाला हे लहानपणापासून खुपायचं.

त्या वर्षी ऐन जत्रेच्या सकाळी राजाचं काम करणाऱ्या रामदास नाईकांचे चुलते गेले. सुतक पडलं. रामदास देवळासमोर उभे राहू शकत नव्हते, आणि अख्खं नाटक पाठ असलेला माणूस गावात एकच.

कमिटीच्या अध्यक्षांचा दुकानात फोन.

"मंदा, राजा तुझोच बाबा करतलो! हँडबिल तसाच रवांदे, आमी माईकवर सांगतलंव."

"माईकवर? हँडबिलार कित्याक नाय?"

"डिझाइनवालो फोन उचलणा नाय गो. आमच्याकडे निसती पीडीएफ आसा."

"धाडा ती पीडीएफ!"

उघडली. सुंदर दिसत होती. लोकांना वाटतं, नाव दिसतंय ना, मग बदला! अहो, पीडीएफ म्हणजे शिजलेली पातळभाजी. बटाटा दिसतो, पण तो परत टोपलीत टाकता येत नाही.

डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतली आणि बोंब. नुसतं बघायचं असेल तर पीडीएफ आपली अक्षरं आपल्याबरोबर घेऊन येते. बदलायला गेलं की सॉफ्टवेअर तोच फॉन्ट आपल्या मशीनवर शोधतं. आमच्याकडे तो नव्हताच. मात्रा एकीकडे, वेलांट्या भलतीकडे, रामदास नाईकांच्या जागी रिकामे चौकोन.

मी म्हटलं, "नावावर पांढरा चौकोन ठेवू, वर आपल्या फॉन्टमध्ये टाइप करू. कोणाला कळतंय?"

मंदा खुर्चीतून उठलीच.

"ठिगळ? माज्या बाबाच्या नावाक ठिगळ लावतंस?"

फाइल बंद केली, परत इम्पोर्ट केली. या खेपेला अक्षरं चित्रं म्हणून. आता सगळं जागच्या जागी, पण एक अक्षर टाइप होईना. चित्रात कसलं टाइप करणार?

मी कपाळाला हात लावला. मंदा मात्र हसायला लागली.

"टाइप कित्याक करूचा? अक्षरा चोरूया!"

आणि अनग्रुप करत, एकेक अक्षर मोकळं करत सुटली. मध्येच देवळाची कमान निसटून हँडबिलाबाहेर गेली, ती तिने शिव्या घालत परत बसवली.

"आयोजक"मधला आ घेतला. "सत्कार"मधला अर्धा त. "मान्यवर"मधला मा. राम तर रामदासांनीच दिला. आडनाव खजिनदारांचं अख्खं उचललं, तेही परबच होते.

राजा : आत्माराम परब.

जोड कुठे दिसत नव्हता. फक्त आ मोठ्या ठळक ओळीतला, कितीही लहान केला तरी जाडजूड.

गठ्ठा छापून, दुकानाला कुलूप घालून आम्ही दोघी स्कूटरवरून पेडण्याला. बाबा दाढी करत होते. अर्ध्या गालावर साबण, तसंच हँडबिल हातात घेतलं. आपल्या नावावर बोट ठेवलं.

मग म्हणाले, "बाय, ह्यो आ जरा जाडो दिसता गो."

"राजा आसस तू! जाडोच व्हयो!"

बाबा हसले आणि साबणाच्या हाताने डोळे पुसले. वर म्हणतात, साबण गेला डोळ्यात!

नाटक दणक्यात झालं. एकदा सेनापती वाक्य विसरला, तर सवयीप्रमाणे सिंहासनावरून महाराजांनीच त्याला खणखणीत आवाजात सांगितलं. काय शिट्ट्या पडल्या! मंदा तर खुर्चीवर उभी राहून ओरडत होती, "माझो बाबा तो! नाव वाच रे, नाव!"

आज सकाळी तिच्या नवऱ्याने श्रद्धांजलीच्या बॅनरची पीडीएफ पाठवली. त्यावर तिचं लग्नानंतरचं नाव, माधवी.

"वृंदाबाय," तो म्हणाला, "बाजारात माधवी कोण ओळखणा नाय. मंदा घालशात?"

मी पीडीएफ फोडली. फॉन्ट नव्हताच, नेहमीप्रमाणे. मग ती जत्रेची जुनी फाइल उघडली. म आत्मारामातला घेतला. दा रामदासांचा, त्यांचं काढलेलं नाव अजून पानाबाहेर पडून होतं. अनुस्वाराचं टिंब कमिटीच्या अध्यक्षांकडून.

बॅनर आता बाजारात लागलाय. जाता-येता मान वर करून नाव वाचा, तीच तिला श्रद्धांजली.

मंदा, ठिगळ नाही लावलं गो.