थांबा न मिळालेला गिरणीवाला

चहा घ्या आधी, कारण हा किस्सा ऐकल्यावर तुम्ही मला चहा विचारणार नाही. आमच्या मळ्यावरची माणसं तर विचारतच नाहीत. संशयी स्वभावाचा माणूस घरात असला तर घरच्यांना त्रास. मी अख्ख्या मळ्याला दिला.

नव्वद सालानंतरची गोष्ट. लोणीहून मंचरला जाणाऱ्या रस्त्यावर आमचा खालचा मळा. पंचवीसएक घरं, आणि रस्त्याला लागून माझी पिठाची गिरणी. यष्टी लोणीत भरायची, ती थेट मंचर. मधे आमच्यासारख्यांनी हात करायचा, ड्रायव्हरच्या मनात असलं तर थांबायची. नाहीतर जीप, टेंपो, जे मिळेल ते. सकाळी गिरणीसमोर ही गर्दी असायची. कुणी कॉलेजला, कुणी बाजार समितीत, कुणी दवाखान्यात.

त्या सुमारास रस्ता रुंद होणार अशी आवई उठली होती. आता तुम्हाला म्हणून सांगतो, गिरणीपुढचं पत्र्याचं शेड मी जरा पुढं ओढलं होतं. जरा म्हणजे, पावसाळ्यात साइडपट्टीवरून जाणारा माणूस माझ्या पत्र्याखालून कोरडा जायचा. त्यामुळं रस्त्यावर कुणी नुसतं वाकून चपलेतला खडा काढला तरी मला तो रस्ता मोजतोय असं वाटायचं.

आणि एक दिवस जीपमधून दोघं उतरले. एक हडकुळा, चष्मेवाला. दुसऱ्याच्या हातात टेप आणि चुन्याची पिशवी. माझ्या शेडपासून डांबरापर्यंत टेप धरला आणि बरोबर गिरणीच्या तोंडासमोर चुन्याची फुली मारली.

मी पट्टा बंद करून बाहेर आलो. "काय चाललंय?"

"काही नाही भाऊ, सर्व्हे," चष्मेवाला म्हणाला. "सकाळी इथं किती माणसं उभी असतात?"

आता मला सांगा, शेड पाडायचं तर विरोधाला किती माणसं येतील हे आधी मोजणार की नाही? मला ते लगेच कळलं. माझं हेच आहे, मला सगळं लगेच कळतं.

"उभी कशाला ऱ्हातील? आमच्यात बसायची पद्धत हाय," मी म्हणालो.

"मंचरला कामाला, कॉलेजला कोण जातं?"

"कोण न्हाई."

नेमकी तेवढ्यात तात्यांची नात शोभा छत्री आणि पुस्तकं घेऊन रस्त्यावर आली. तात्या म्हणजे आमच्या मळ्यातलं सगळ्यात जुनं माणूस.

"ही कुठं निघाली?" चष्मेवाल्या साहेबानं विचारलं.

"खुरपायला."

"पुस्तकं घेऊन?"

"लई अभ्यासू हाय पोरगी."

शोभा माझ्याकडं बघतच राहिली. साहेबानं चष्मा पुसला. "बरं. गुरुवारी सकाळी परत येतो, गर्दी बघायला," म्हणाला आणि गेला.

जीप वळली तशी मी बादली आणून फुली धुतली. त्यावर शेणाचा सडा टाकला. आणि संध्याकाळी मळ्याला गिरणीत बोलावलं.

"रस्त्यात कुणाकुणाचं जातंय त्ये बघायला आलं व्हतं," मी सांगितलं. "गोठं, ओटं, नळाचं पाइप, समदं. आज माझी गिरणी, उद्या तुमची चूल."

घाबरवायचं म्हटलं की मला शब्द कमी पडत नाहीत. तात्या तर लगेच आपला ओटा बघायला निघाले.

माझी बायको सुमन दळणाचे डबे लावत होती. ती म्हणाली, "अहो, पण कसला सर्व्हे ते विचारलं का तुमी?"

"खरं सांगतील का ती?"

"विचारायला काय जातंय?"

"विचारलं की त्यांना कळतं, आपल्याला कळलंय म्हणून."

सुमन पुन्हा डबे लावायला लागली. मला वाटलं तिला पटलं.

मग बेत ठरला. गुरुवारी सकाळी मळ्यातलं एकही माणूस रस्त्यावर दिसता कामा नये. ज्याला मंचरला जायचं त्यानं मागच्या कालव्याच्या वाटेनं माळवाडीला जायचं, तिथून गाडी धरायची. माळवाडी म्हणजे माझी सासुरवाडी, मैलभर पुढं, त्याच रस्त्यावर. मेहुणा दत्तू याचं तिथं चहाचं दुकान.

गुरुवारी माझ्या गिरणीसमोर असा शुकशुकाट केला की कुत्रंसुद्धा मी बांधून ठेवलं होतं. साहेब आले. घड्याळ बघत उभे राहिले. मी शेडात बिडी ओढत बसलो.

"आज कुणीच नाही?"

"रोजच नसतं साहेब. म्हातारी माणसं हायेत, पडून असत्यात."

साहेब बराच वेळ थांबले. मग जीपमध्ये बसून पुढं गेले. पुढं म्हणजे कुठं? माळवाडीला. आणि माळवाडीत काय होतं? आमचा अख्खा मळा. शोभा होती, तात्या गुडघा दाखवायला निघालेले होते, बाजार समितीतली पोरं होती, दोन बाळंतिणी होत्या. वर माळवाडीची माणसं वेगळीच. दत्तूला चहाला कप पुरेनात. ही जत्रा बघून साहेबानं तिथं जीप थांबवली आणि दत्तूच्या दुकानासमोर फुली मारली.

मला हे संध्याकाळी कळलं तेव्हा वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण थोडंच. शेवटी मेहुण्याचं दुकान गेलं तरी गिरणी वाचत होती.

पाऊस सरला आणि एका सकाळी दत्तू पेढे घेऊन आला.

"दाजी, तोंड गोड करा. आमच्याकडं बोर्ड लागला."

"कसला बोर्ड?"

"यष्टीचा. लाल अक्षरात, माळवाडी थांबा. मधी कुणी हात केला तरी थांबणार न्हाई, बोर्डापाशीच. लोणीची गाडी आता सकाळी दोन खेपा करणार, आन् मंचरला जुन्नरची गाडी जोडून मिळणार. कुठं किती माणूस असतंय ते मोजायला साहेब आलं व्हतं ना मागं? तुमच्याकडं न्हाई का आलं?"

सुमननं पेढा घेतला. माझ्याकडं एकदाच बघितलं आणि डबे लावायला आत गेली. ती काही बोलली असती तर बरं झालं असतं.

मळा मात्र बोलला. तात्या काठी टेकत आले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "बाळू, माझी नात खुरपायला मैलभर चालत जाती रोज."

शेवटी मी मंचरच्या यष्टी स्टँडवर गेलो, साहेबांना गाठलं.

"साहेब, आमच्याकडं बी थांबा पायजे. लई माणसं हायेत."

साहेबांनी ओळखलं. "तुम्हीच म्हणाला होता, कुणी नसतं."

"आता आलीत."

"कुठून?"

मी हात जोडले. मान खाली घातली. माणूस भला. म्हणाले, "सोमवारी पुन्हा बघायला येतो. सगळे उभे राहा."

मी घरोघर फिरलो. हातापाया पडलो. पण माझ्यावर विश्वास कोण ठेवणार? "ह्याच्यात बी तुझं कायतरी असंल," म्हणाले. आणि त्यांना गाडी धरायची होती. सोमवारी सकाळी सगळा मळा कालव्याच्या वाटेनं माळवाडीला निघून गेला. सुमनसुद्धा, दातांच्या डॉक्टरकडं.

साहेब आले तेव्हा रस्त्यावर मी एकटा उभा. अंगात लग्नातला कोट.

साहेबांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. "भाऊ, एका माणसासाठी गाडी नाही थांबवता येत हो."

मी कोटाची बटणं चाचपली. माझा चेहरा बघून त्यांना दया आली असावी. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "असं करतो, कंडक्टरला सांगून ठेवतो. जाताना तुम्हाला हात करत जाईल."

आणि खरंच, शब्दाला पक्का माणूस. रोज सकाळी गाडी भरून येते, गिरणीसमोरून जाते आणि कंडक्टर खिडकीतून न चुकता मला हात करतो. सगळी गाडीच करते आता.