हळदीला नाचलेला वसुलीवाला

घरपट्टी मागायला आलेल्या माणसाला लोक आग्रह करकरून जेवायला बसवतात, हे उभ्या पनवेलमध्ये मी एकाच्याच बाबतीत पाहिलं, आणि माझं दुर्दैव असं की तो माणूस माझ्याच शेजारच्या टेबलावर बसायचा. आम्ही दोघेही वसुली निरीक्षक. एकाच दिवशी नोकरीला लागलो, पगार सारखा, टक्कलही साधारण सारखंच. पण मी दारात दिसलो की "साहेब घरी नाहीत" असं आतून साहेब स्वतःच सांगत, आणि ह्याच्यासाठी नेरे गावाकडच्या बायका वालाच्या शेंगा बाजूला काढून ठेवत. माझा जळफळाट व्हायचा. खोटं कशाला बोलू?

थकबाकीदाराकडे गेला की हा पट्टी सोडून सगळं बोलायचा. कुणाच्या गुडघ्याला तेल सुचव, कुणाच्या कुवेतमधल्या मुलाला फोनवरच दोन शब्द सुनाव. तासाभराने चपला घालता घालता म्हणायचा, "बाकी ते आपलं बघा केव्हातरी." एवढ्यावर लोक पैसे भरत. मी ते वाक्य आरशासमोर घोकलं आणि एका दुकानदारावर वापरून पाहिलं. तो "बघतो" म्हणाला. अजून बघतोच आहे.

मग मंदी आली. बाजार थंडावला, नव्या इमारतींतले फ्लॅट पडून राहिले, आणि लोकांनी सगळ्यात आधी हात आखडला तो घरपट्टीवर. तिजोरीत खडखडाट. ठेकेदारांची बिलं अडली, रस्त्यावरचे गेलेले दिवे गेलेलेच राहिले, आमचे पगार लांबले. वरून फर्मान निघालं की थकबाकीदारांच्या दारात ढोल वाजवा. ज्याची वसुली जास्त, त्याला अधीक्षकाची खुर्ची. ती खुर्ची मला हवी होती. बायकोला मी तसं सांगूनही बसलो होतो.

मी ढोल घेऊन एका सोसायटीत गेलो, तर वरून बादलीभर पाणी आलं. हा एका गावात थकबाकीदाराकडे गेला, तर त्या घरी नेमकी मुलीची हळद. मंडळींना वाटलं, मुलीच्या मामाने ढोल धाडले. सगळी आळी नाचायला उतरली. मी असतो तर नोटीस पुढे केली असती. ह्याने ती खिशात घातली, गालाला हळद लावून घेतली आणि घामाघूम होईतो नाचला. दुसऱ्या दिवशी मुलीचा बाप आपणहून कार्यालयात हजर.

"सायेब माज्या पोरीच्या हलदीला नाचलं," तो खिडकीवर सांगत होता, "गावात माजी लाज राखली. आता पट्टी नाय भरली तं मानूस कसला मी?"

त्याच्या मागोमाग अर्धं गाव आलं. मी बाजूलाच बसून ऐकत होतो.

खुर्ची त्यालाच मिळाली आणि त्याची गावं माझ्याकडे आली. आता तो काचेच्या केबिनमध्ये दिवसभर सह्या करतो. दाराशी कुणी फिरकत नाही. परवा मी वसुलीचा हिशेब द्यायला गेलो, तर त्याने तो पाहिलाही नाही. त्या मुलीला सासर कसं लाभलं, एवढंच विचारलं. मला काय ठाऊक? मी कधी विचारलंच नव्हतं. तो थोडा वेळ माझ्या धुळीने माखलेल्या चपलांकडे बघत राहिला.

"तुमचं बरं आहे हो," तो म्हणाला. "खरं सांगू? हेवा वाटतो तुमचा."

कुणीतरी, आणि शक्यतो ह्यानेच, माझा हेवा करावा म्हणून मी इतकी वर्षं झुरलो होतो. त्याने माझी ती इच्छाही पुरी केली. करायला नको होती.