साठ हात दोर

"बंद कर ते इंजिन! अरे माणूस हाये आत, बंद कर!"

मळ्याचे मालक आबाराव विहिरीच्या काठावरून इतक्या जोरात ओरडत होते की वाटूर फाट्यावर थांबलेली सर्व्हिस मोटार कंडक्टरने घंटी न मारताच सुटली म्हणतात. तो 'आतला माणूस' म्हणजे मी. मला मात्र त्यातलं काही ऐकू आलं नाही. मी तीन पुरुष खोल पाण्याखाली होतो, माझा उजवा हात मनगटापर्यंत इंजिनच्या पायपात गेलेला होता, आणि इंजिन मला पिऊन टाकायला बघत होतं.

थांबा... आधी एक गोष्ट क्लिअर करतो. न उलगडलेल्या अनुभवांच्या या सदरात सगळेच लिहितात, आमचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. माझा नव्हता त्याला पक्कं कारण आहे. वाटूरपासून टेंभुर्णीपर्यंत त्या काळी जेवढी भुतं होती, त्यातली निम्मी मी केलेली. चिंचेखालची बाई माझी. ओढ्यातला बिनमुंडक्याचा घोडेस्वार माझा. त्याला आधी मुंडकं होतं, पण लोक घाबरेनात, मग काढून टाकलं. ज्याचं दुकान त्यालाच मालाची पारख असते. तेव्हा मी जेव्हा म्हणतो की हे माझं केलेलं नाही, तेव्हा नीट ऐका.

नाव दगडू, धंदा विहिरीत बुडी मारण्याचा. यावरून लोकांनी काय काय विनोद केले ते सगळे मला पाठ आहेत, तुम्ही नवीन करू नका. निजामी जाऊन सात-आठ वर्षं झाली असतील. आमचं परतूर तेव्हा परभणी जिल्ह्यात. शिवारात नुकती तेलाची इंजिनं आलेली, आणि इंजिनाबरोबर मला कामं आली. पायपाच्या खालच्या टोकाला एक झडप असते, तिला साहेब लोक फूटव्हॉल्व्ह म्हणतात, गावात सगळे फुटबॉल म्हणतात. त्यात शेवाळ, बेडूक, चिंध्या अडकल्या की इंजिन नुसतं धूर काढतं. मग दगडूला बोलवा. मी एका दमात खाली जाऊन, जाळी खोलून, झडप साफ करून, वर जरा इकडेतिकडे बघून यायचो. लोक म्हणायचे, दगडू खाली बिडी ओढून येतो. म्हणजे लोकांना ते मीच सांगितलं होतं.

हल्ली टीव्हीवर दाखवतात, पाठीवर हवेची टाकी बांधून माणसं समुद्रात उतरतात. त्यांची सेफ्टी बघून मला हसू येतं, कारण त्यांचा पहिला नियम तोच जो आमचा होता — जोडीदाराशिवाय उतरायचं नाही. फक्त आमचा जोडीदार वर असायचा, दोर धरून. आणि तो कोण असावा हेही ठरलेलं होतं. भाऊ नाही, बाप नाही, दोस्त तर नाहीच. बायकोचा भाऊ. भाऊ वाटणीसाठी दोर सोडेल, दोस्त दारू पिऊन सोडेल, पण आपल्या बहिणीचं कुंकू आपल्या हातानं कोण पुसेल? एक हिसका म्हणजे ठीक आहे, दोन हिसके म्हणजे ओढ. आणि इंजिन असेल तिथे त्याचं हँडल दोरवाल्याच्या मांडीखाली. बुडी मारणारा वर आल्याशिवाय ते कोणाला द्यायचं नाही. हँडल नाही तर इंजिन फिरत नाही. हा नियम मीच काढलेला, आणि हे खरं सांगतोय.

माझा मेहुणा भुजंग. माझ्या बायकोचा, गयाचा, धाकटा भाऊ, कमी बोलणारा, अंगानं रेड्यासारखा. पाच वर्षं माझा दोर त्यानं धरला, एकदाही झोल नाही.

आता माझी चूक सांगतो. एका बाजाराच्या दिवशी चहाच्या हॉटेलात मी गोष्ट रंगवली — भुजंग एकदा माझ्या जागी खाली उतरला, तिथं त्याला कासव दिसलं, आणि भ्यायल्यामुळे त्यानं धोतरातच कारभार केला. कोणीतरी विचारलं, पाण्यात तुला कळलं कसं? मी म्हणालो, विहीर कोमट झाली ना. हॉटेल पडलं हसून. गोष्ट शंभर टक्के खोटी होती, पण चांगली होती. चांगली गोष्ट पायी चालत नाही हो... ती तीन दिवसांत टेंभुर्णीला पोचली. तिथं भुजंगची सोयरीक जमलेली. मुलीच्या बापाने सुपारी परत पाठवली. भित्र्याला पोरगी देत नाही म्हणाला.

ती सुपारी ज्या सकाळी परत आली, त्याच सकाळी आबारावांच्या मळ्यात आमचं काम होतं.

वाटूरपासून दीड कोस, मंठ्याच्या रस्त्याला. मोसंबीचा मळा, वैशाखाचं ऊन, आणि फुटबॉल गच्च झाल्यामुळे चार दिवस झाडांना पाणी नाही. विहीर जुनी, दगडानं बांधलेली, आधी मोटेची. मोटेचं चाक अजून वर होतं, आणि बैल ज्या उतारावरून खाली जाऊन मोट ओढायचे ती धावही तशीच होती, गवत उगवलेली. इंजिन विहिरीच्या पोटात अर्ध्यावर कपार खोदून बसवलेलं. ते चालवायला कासीमभाई, हैदराबादकडचा माणूस, बिलकुल सरळ. बुडी चालू असली की तो लांब सावलीत आडवा व्हायचा.

भुजंग आला. सरळ माझ्या तोंडावर ठोसा मारला. माझा ओठ फाटला. मी त्याच्या पोटात डोकं घातलं. दोघं मोसंबीच्या आळ्यात लोळलो, त्यानं माझं डोकं आळ्याच्या वरंब्यावर आपटलं, मी त्याचा कान चावला. तुकडा पडला असं मी नंतर सांगत असे. नुसतं रक्त निघालं होतं. आबारावांनी आणि दोन गड्यांनी आम्हाला बैलांसारखं ओढून वेगळं केलं.

भुजंग उठून धोतर झाडत म्हणाला, "तुझा जीवच घेतो दाजी, बघ तू."

आबाराव म्हणाले, आज राहू दे, नाहीतर दोर मी धरतो. शहाणा माणूस होता. पण चार माणसं बघत होती, ओठातून रक्त येत होतं, आणि माझ्या डोक्यात तो नियम बसलेला — मेहुण्याशिवाय दोर कुणाच्या हातात नाही. ज्यानं अर्ध्या घटकेपूर्वी माझा जीव घ्यायची भाषा केली, त्याच्याच हातात मी दोर दिला. कारण नियम! हँडल पण दिलं. आबाराव कपाळाला हात लावून घराकडे गेले. मी दोर कमरेला बांधला, दुसऱ्या टोकाला गाठ मारली, ते टोक चाकावरून भुजंगच्या हातात गेलं, आणि मी उतरलो.

खाली सगळं रोजच्यासारखं. हिरवा अंधार, कानात दाब. जाळी खोलली. झडपेच्या तोंडात हात घातला आणि शेवाळाचा बोळा ओढायला लागलो. एवढ्यात पायपाला थरथर आली. पाण्याखाली इंजिनचा आवाज कानानं ऐकू येत नाही, दातांत येतो. माझे दात वाजले, आणि पायपानं माझा हात धरला.

डावा हात मोकळा होता. मी दोर धरून दोन हिसके दिले. ताण लागायला हवा होता. त्याऐवजी दोर ढिला झाला, आणि वरून तरंगत, वळशावर वळसा, माझ्या खांद्यांवर येऊन पडला.

इथं मी नेहमी थांबून ऐकणाऱ्यांकडे बघायचो. तुम्ही दिसत नाही, म्हणून पुढं जातो.

मी कमरेचा पाना काढून पाइप बडवला. स्वतःच्या हातावरही मारला, वाटलं हाड मोडलं तर हात निघेल. पाणी लाल झालं. पाय भिंतीला लावून मागं रेटलो, खांदा निखळल्याचा आवाज झाला. छाती फुटायला आली आणि मी तोंड उघडलं. पाणी आत गेलं. त्या घडीला मला देव आठवला नाही, गया पण नाही. कासवाची गोष्ट आठवली, आणि पहिल्यांदाच ती मला भिकार वाटली.

मग दोराला ताण आला.

ताण म्हणजे किती? कमरेत जणू कोणी कुऱ्हाड मारली. एका हिसक्यात माझा हात पायपातून निघाला. करंगळी निघाली नाही. ती नंतर आबारावांच्या पाटातून मोसंबीला गेली. त्या ताणानं मला वर उचललं, भिंतीवर आपटलं, दोन बरगड्या गेल्या, पुन्हा आपटलं, कपारीच्या कडेनं पाठीचं कातडं सोललं. वाचवणारा असं वाचवत नाही हो... मारणारा असं मारतो. काठावरून ओढत मला धावेवर आणलं, आणि दगडागोट्यांतून वीस पावलं फरफटत नेऊन सोडलं.

शुद्धीवर आलो तेव्हा इंजिन बंद होतं आणि मारामारी चालू. आबारावांनी कासीमभाईची गचांडी धरून दोन थोबाडीत ठेवल्या होत्या, आणि तो रडकुंडीला येऊन सांगत होता, "मेरेकू क्या मालूम मालिक... हँडल इसनेच दिया. बोला, दाजी ऊपर आ गये."

मग सगळे भुजंगवर पडले. त्याला मोसंबीला दाव्यानं बांधलं. आबारावांच्या एका गड्यानं चाबूक घेतला, दुसऱ्यानं जळाऊ लाकूड. भुजंग ना ओरडत होता ना सुटायला बघत होता. नाक फुटलं, भुवई फाटली, तरी नुसता माझ्याकडे बघत होता. एक जण ओरडला, टाका साल्याला विहिरीत, चालू करा इंजिन. आणि ते हसण्यावारी नव्हतं. दोघे दावं सोडायलाही लागले होते.

मला तिथं एकच दिसलं — मी घरी जाऊन गयाला काय सांगणार? तुझ्या भावानं मला मारलं, म्हणून आम्ही त्याला मारलं?

मी आयुष्यभर थापा मारल्या, त्या सगळ्या जणू याचीच तालीम होती. मी पडल्या पडल्या म्हणालो, "सोडा त्याला. हँडल दे म्हणून मीच त्याला सांगितल्तं. अन् मला वढलं कोणी? त्यानंच. येकट्यानं."

पुढं मी गोष्ट लावतच गेलो. दोन हिसके बसताच हा कसा धावेवर बैलासारखा पळाला, दोर कसा छातीला लावला... माझं बोलणं कोणी न हसता ऐकण्याची ती पहिलीच वेळ. गड्यानं चाबूक खाली टाकला. आबारावांनी स्वतः दावं सोडलं.

त्यांनी काय पाहिलं ते बोलले नंतर, माझ्या हाताला चिंधी बांधताना, हळू आवाजात. घरून परत येताना त्यांनी इंजिनचा आवाज ऐकला आणि पळत आले. काठावर कोणी नव्हतं. भुजंग पलीकडे बांधावर पाठ करून बसलेला. आणि दोर — दोर चाकावरून ताठ होऊन धावेवरून खाली चालला होता, मोटेचे बैल उतरताना जातो तसा, सावकाश, बराबर त्याच चालीनं. धावेवर बैल नव्हते. माणूस नव्हता. गवत सुद्धा दबलेलं नव्हतं, त्यांनी वाकून पाहिलं. मी पडलो होतो तिथून दोर उचलून त्यांनी हातानं मोजला. साठ हात. घेतला होता तेवढाच. भुजंगकडच्या टोकाला मी मारलेली गाठ जशीच्या तशी.

माझी गोष्ट टेंभुर्णीला गेली. ही पण पायी नाही गेली. एका हातानं माणूस विहिरीतून उपटणारा जावई कोणाला नको? सुपारी पुन्हा आली, लग्न झालं, भुजंगला चार लेकरं झाली. लोक त्याला बघायला यायचे, दंड चाचपायचे. तो काही बोलत नसे, लोकांना वाटे नम्र आहे. माझी बुडी त्या दिवशी सुटली. भुजंग गेला, गयाही गेली, म्हणून आता लिहितोय. मोटेच्या बैलांचं भूत असं कोणी म्हणेल तर माफ करा, तसली भुतं मी स्वतः केलीत, ती एवढी जोरकस नसतात. शिक्षक, डॉक्टर, एक इंजिनिअर — सगळ्यांना विचारून झालं. उत्तर नाही. माझ्याकडे तर अजिबात नाही.

ज्याला विचारायला पाहिजे होतं, त्याला मी एकदाच विचारलं. त्याच दिवशी दुपार कलताना, आबारावांच्या बैलगाडीत, कडब्यावर आम्ही दोघं आडवे पडलेलो. माझा हात चिंध्यांत, त्याचं नाक सुजलेलं. गाडीवान पुढं गाणं म्हणत होता. मी म्हणालो, भुजंगा, आता इथं कोणी नाही. तू मला शेवटी ओढलंस ना? आधी काय केलंस ते राहू दे. शेवटी तरी तूच ओढलंस ना?

त्यानं वर आभाळाकडे बघत सांगितलं,

"न्हाई दाजी. म्या तर दोर कापला होता."