विहिरीत पडलेलं भिंग

आमच्या घरात पाण्याखालचे फोटो काढणारा एक माणूस आहे आणि तो माझा नवरा आहे, हे मी अकोल्यात बरीच वर्षं कुणाला सांगत नव्हते. लोक छंद म्हणून नाणी जमवतात, फार तर गच्चीवर गुलाब लावतात. हा पुण्याचा माणूस नोकरीसाठी अकोल्याला आला आणि जिथे नळाला चार-चार दिवस पाणी नाही तिथे पाण्याखालचे किडे शोधत बसला. त्या वर्षांत आमच्या भागाचं नाव पेपरात रोज येत असे आणि कशासाठी येतं ते विचारावं लागत नसे. अशा दिवसांत शेजारणीने विचारलं, की तुमचे मिस्टर सुट्टीत काय करतात, तर मी सांगायची, वाचन करतात.

मालवणला तो पाण्यात उतरायला शिकला होता, लग्नाआधी. कॅमेरा साधाच, खिशात मावणारा, पण त्याला पाणी लागू नये म्हणून एक जाड पारदर्शक पेटी होती. त्या पेटीच्या तोंडावर बाहेरून बसवायचं एक भिंग त्याने मुंबईहून मागवलं. लहान वाटीच्या तोंडाएवढं आणि हातात घेतलं की चांगलंच जड. ते बसवलं की कॅमेऱ्याला चार बोटांवरची वस्तू दिसायची आणि त्यापलीकडचं सगळं धूसर. बरं, ते काठावर बसून लावायचीही सोय नाही. मधे हवेचा बुडबुडा अडकतो आणि फोटोत नुसता चंद्र येतो. पाण्यात गेल्यावर काढायचं, बुडबुडा जाऊ द्यायचा, मग परत बसवायचं. झिंग्याचा डोळा स्पष्ट आला तर मिशा पुसट, मिशा आल्या तर डोळा गेला, आणि नुसता हात थरथरला तरी दोन्ही गेले. हौसेला मोल नाही म्हणतात ते खरं आहे, पण अक्कलही लागत नाही असं माझं मत होतं.

आता समुद्र नाही तर हा माणूस उतरणार कुठे? माझ्या माहेरच्या विहिरीत.

माझं माहेर चांदूर बाजारच्या अलीकडचं एक गाव. बाबांची संत्र्याची बाग, आणि बागेत विहीर, अर्ध्यापर्यंत दगडी पायऱ्या आणि पुढे लोखंडी शिडी. लग्न जमताना मी फुशारकीने सांगितलं होतं, आमच्या विहिरीला बारमाही पाणी आहे. तेव्हा ते खरं होतं. नंतर आजूबाजूला बोअर झाले, पाणी खाली गेलं, जानेवारीतच विहिरीत छातीएवढं पाणी उरायला लागलं. मी मात्र माझं वाक्य बदललं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि मूठ झाकायला मी बाबांकडूनच शिकले होते.

बाबांना त्या भिंगाचं भारी कौतुक. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नवऱ्याने त्यांना समजावून सांगितलं, की तुम्हाला पेपर वाचायला जसा जवळचा चष्मा लागतो तसंच हे. बाबा ते हातात घेऊन खूप वेळ हसले. "म्हंजे कॅमेऱ्याचंही वय झालं म्हना." त्यानंतर गावात जो भेटेल त्याला ते सांगायचे, की आमच्या जवाईबापूच्या कॅमेऱ्याला चष्मा आहे. मी तिथे असले तर पदर सावरून दुसरीकडे बघायची. मला दोन्हीकडून लाज. गावासमोर या हौशी नवऱ्याची, आणि नवऱ्यासमोर, खोटं कशाला बोलू, आमच्या आटत चाललेल्या विहिरीची.

ज्या जानेवारीबद्दल सांगायचं आहे तेव्हा बागेला ताण दिलेला होता. संत्र्याला आंबिया बहार घ्यायचा तर झाडाचं पाणी महिना-दीड महिना तोडतात. पानं मलूल होतात, माना टाकतात, आणि मग नेमक्या वेळी पाणी दिलं की झाड अंगभर फुलतं. वेळ चुकली तर फूल उशिरा येतं, ऊन लागतं, आणि बारकी फळं खाली सडा पडावा तशी गळतात. त्या वर्षी ती नेमकी वेळ आणि आमची जोडून आलेली सुट्टी एकाच आठवड्यात पडली. लाइनही, म्हणजे शेतीची वीज, त्या आठवड्यात दिवसा होती. मोटार तासभर चालली की विहीर तळाला जायची, झऱ्यांनी परत भरेपर्यंत थांबायचं, पुन्हा लावायची. म्हणजे सगळी बाग भिजायला आठवडाभराची प्रत्येक लाइन हवी होती. बागेत शिरल्याबरोबर झाडं पाहून मला हे कळलं. शेतकऱ्याची लेक आहे, एवढं कळतं.

जेवताना नवऱ्याने अगदी साधेपणाने विचारलं, की मोटार चालली की गाळ वर येतो, तर एखादा दिवस पाणी शांत ठेवता येईल का. अडचण असेल तर राहू द्या, हेही तो म्हणाला. त्याच्या पुण्यात लोक ‘अडचण असेल तर’ असं म्हणतात आणि समोरचा अडचण सांगतो. आमच्याकडे जावयाला अडचण सांगायची म्हणजे त्याच्या ताटात माती टाकायची. जावई पाटावर बसलेला असेतोवर घरातली भांडणं, दुखणी, नड, सगळं मागच्या खोलीत.

"मोटारीचं सध्या कामच नाई," बाबा म्हणाले. "तुमी बिनघोर उतरा."

माझ्या हातात भाकरीची टोपली होती. आईने माझ्याकडे बघितलं, मी आईकडे बघितलं, आणि मी नवऱ्याला आणखी एक भाकर वाढली. नको असताना.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्याने फोटो काढले. पोटाखाली अंडी घेतलेली एक झिंगी त्याला सापडली, काचेसारखी, आतलं काळीज हललेलं दिसावं अशी. तो पाण्याबाहेर तोंड काढून मला वर्णन सांगत होता आणि मी काठावर उभी राहून हं हं करत होते, डोळे मात्र त्या माना टाकलेल्या झाडांवर. आता आटप म्हणावं असं ओठांवर आलं होतं. तेवढ्यात तो म्हणाला, पडलं. बुडबुडा काढायला त्याने भिंग सोडवलं आणि गार पाण्याने बधिर झालेल्या बोटांतून ते निसटून गाळात गेलं.

त्याने बराच वेळ शोधलं. मग वर आला, ओठ निळे, आणि म्हणाला, जाऊ दे, माझीच चूक. खरोखरच त्याने सोडून दिलं होतं. बाबांना तसं सांगितलंही, की तुम्ही तुमचं काम सुरू करा. पण पाहुण्याची वस्तू आपल्या विहिरीत राहिली, तीही मुंबईहून आणलेली, आणि वरून मोटार लावायची, हे बाबांच्या कोणत्याच कायद्यात बसत नव्हतं. मोटार लावली तर भिंग गाळाखाली जाईल, नाहीतर पाइपाच्या तोंडाशी ओढलं जाऊन फुटव्हॉल्व्हच्या जाळीवर आपटून फुटेल. त्यांनी सदरा काढला आणि साठी उलटलेला तो माणूस शिडीवरून खाली उतरला.

मी पायऱ्या उतरून त्यांना शिडीवर असतानाच गाठलं. हळूच म्हटलं, "बाबा, झाडाचं पानी?"

"चूप राय," ते म्हणाले. "पाहुने आयकतीन."

ते त्या दिवशी उतरले आणि दुसऱ्या दिवशीही उतरले. पायांनी गाळ चाचपायचे, मग थांबून पाणी निवळायची वाट बघायचे, मग परत चाचपायचे. लाइन येत होती, जात होती. नवरा काठावर बसून परत परत म्हणत होता, बाबा, वर या, मला नको ते. ही त्याची विनंती जितकी वाढली तितका बाबांचा हट्ट वाढला. मी मधे उभी. एका वाक्यात सगळं थांबवता आलं असतं, की अहो, यांना बागेला पाणी द्यायचंय. पण ते वाक्य बोललं की बारमाही पाण्याची मूठ उघडणार, बाबा खोटे पडणार, आणि तेही जावयासमोर, उघड्या अंगाने गाळात उभे असताना. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मी धरलंही नाही आणि सोडलंही नाही, चहा करायला गेले.

भिंग शेवटी बाबांच्याच पायाला लागलं. वर येऊन त्यांनी ते कमरेच्या ओल्या दुपट्ट्याने खसाखसा पुसलं, नवऱ्याचा जीव वरखाली झाला, आणि दोन्ही हातांनी, ओटी भरावी तसं, त्याच्या ओंजळीत ठेवलं. इतके आनंदलेले बाबा मी माझ्या लग्नातही पाहिले नव्हते. मग ते मोटार लावायला गेले. बटण दाबलं, काही नाही. परत दाबलं. थोड्या वेळाने रस्त्यावरून जाणाऱ्या एकाने ओरडून सांगितलं, की पलीकडची डीपी जळाली. त्या काळात जळालेला ट्रान्सफॉर्मर बदलून मिळणं म्हणजे काय ते ज्यांनी सोसलं त्यांना सांगायला नको. आम्ही त्याच संध्याकाळी अकोल्याला निघालो. बाबा एसटीपर्यंत सोडायला आले, जाईपर्यंत हसत होते.

लाइन आली तेव्हा फेब्रुवारी निम्मा सरला होता. एप्रिलमध्ये गेलो तर झाडांवर फळं शोधावी लागत होती आणि जमिनीवर बोराएवढ्या हिरव्या गोळ्या पडलेल्या, वाळलेल्या. नवऱ्याने भाबडेपणाने विचारलं, यंदा फळ कमी दिसतंय का. बाबांनी टोपी काढली, डोकं खाजवलं आणि म्हणाले, "औंदा झाडाले आराम देला."

अकोल्यात त्या झिंगीचा फोटो मोठा करून, फ्रेम करून बैठकीत लावला होता. फोटो खरंच सुंदर होता, अंड्यातले ठिपक्यांसारखे डोळेसुद्धा दिसत होते. येणारा जाणारा कौतुक करायचा, नवरा प्रत्येकाला सांगायचा, माझ्या सासऱ्यांच्या विहिरीतली आहे. आणि मी पाणी आणायच्या निमित्ताने आत जायची. एकदा असंच कुणी येऊन गेलं आणि मी आतून बाहेर आले ती रडतच. मग त्याला सगळं सांगितलं. तो आधी चिडला. म्हणाला, "मी विचारलं होतं ना? तुमच्यापैकी एकालाही बोलता आलं नाही? मी काय परका आहे?" मी म्हटलं, परका नाही, जावई आहेस, ते वेगळं असतं. तो उठला आणि त्याने फ्रेम काढून कपाटामागे उभी केली. आता लाजायला आम्ही घरात दोघं झालो.

पुढच्या जानेवारीत त्यानेच ठरवलं, की कॅमेरा न्यायचाच नाही. उलट बाबांच्या हाताखाली बागेला पाणी द्यायचं. मला ते फार पटलं. सकाळच्या गाडीने अमरावती, तिथून एसटी. बागेच्या तोंडाशी पोचलो आणि मी कान देऊन ऐकलं. मोटारीचा आवाज नव्हता.

बाबा विहिरीच्या काठावर उभे होते, आंघोळ करून, धुतलेली टोपी घालून.

"कालपासून बंद ठेवली मोटार," ते म्हणाले. "पाहा बरं जवाईबापू, पानी कसं निवळलं, इहिरीच्या तयाचा गोटा दिसून राहिला."

झाडं तशीच माना टाकून उभी होती. नवऱ्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मग बाबांना सांगितलं, की मी कॅमेरा आणलेलाच नाही, तुम्ही कृपया मोटार सुरू करा. अगदी मनापासून बोलला, पण त्याच्या त्या स्वच्छ, एकेक शब्द नीट उच्चारलेल्या मराठीत. पुण्याला आमचं बोलणं दांडगट वाटतं; आम्हाला त्यांचं असं बोलणं रागावल्यासारखं वाटतं, हे मी त्याला कधी सांगितलंच नव्हतं. बाबांचा चेहरा उतरला. थोड्या वेळाने त्यांनी मला गोठ्यामागे बोलावलं.

"काही चुकलं का वं आमचं? जवाई रुसले का? भिंग सापडाले उशीर झाला म्हून?"

मी नाही म्हटलं. तेवढ्यावर थांबायला हवं होतं, पण मला वाटलं आता तरी हे ओझं उतरावं. म्हटलं, त्याले सगळं मालूम हाय, बाबा. मागच्या साली बहार काहून गेला ते. त्याले वाईट वाटते, म्हून कॅमेरा नाई आनला.

बाबा अगदी हळू म्हणाले, "तू सांगतलं त्याले?"

बस, एवढंच. त्यांच्या डोळ्यात राग असता तर मी सोसला असता. पण शिडीवरून उघड्या अंगाने खाली उतरताना त्यांना वाटली नसेल एवढी लाज मी त्यांच्या तोंडावर आणली होती, त्यांच्याच गोठ्यामागे उभी राहून.

ते बाहेर गेले आणि मोठ्याने म्हणाले, मोटारीचं होत राहील, पहिले जेवणं करून घ्या. नवरा दोनदा उठायला लागला, त्यांनी बसवलं. आईने पुरणाच्या पोळ्या केल्या होत्या. बाबा मला सांगत होते, त्याले तूप वाढ, आणखी वाढ, आणि संपूर्ण जेवणात त्यांनी एकदाही मान वर करून जावयाकडे पाहिलं नाही. हात धुवून ते मोटार लावायला गेले तेव्हा लाइन गेलेली होती.